अण्णांचे आभार आणि नऊ ब्राउझर

माझ्या टॅबमध्ये सध्या नऊ ब्राउझर आहेत आणि त्यांतल्या एकाशीही माझे बोलण्याचे संबंध उरलेले नाहीत.

शहाण्या माणसाला एक ब्राउझर पुरतो. पण शहाण्या माणसाच्या वडिलांचं भाषण जुन्या फ्लॅश व्हिडिओत अडकलेलं नसतं, आणि तो व्हिडिओ त्या प्रकारात टाकायचा हट्ट त्यानेच केलेला नसतो. मी केला होता. आमच्या गावच्या मुंबई मंडळाच्या सभेत, भांडुपच्या शाळेच्या हॉलमध्ये, मी टेबलावर हात आपटून सांगितलं होतं, "लिहून ठेवा! पुढची शंभर वर्षं जगात फ्लॅशच चालणार!" (लिहून कुणीच ठेवलं नाही, ही देवाची कृपा.)

आता हे भाषण काय होतं ते सांगतो. आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, घरात बोलत नसत. म्हणजे अजिबात नाही. चहा हवा असला की कप वाजवायचे, नको असला की कप पालथा घालायचे. सगळे शब्द वर्षभर साठवून ठेवायचे आणि मंडळाच्या स्नेहसंमेलनात आभारप्रदर्शनाला उभे राहिले की एकरकमी मोकळे व्हायचे. बत्तीस वर्षं हा मान त्यांचाच. मंडपवाला, माईकवाला, माईकवाल्याला घेऊन येणारा टेम्पोवाला, टेम्पोला गल्लीत जागा करून देणारे समोरच्या इमारतीचे वॉचमन, अशा क्रमाने ते सृष्टीतल्या प्रत्येक जिवाचे आभार मानत. हॉल हळूहळू रिकामा होई. अण्णांना त्याचं काही नसे. ते रिकाम्या खुर्च्यांचेही आभार मानत.

त्यांनी "आणि सरतेशेवटी" म्हटलं की मागच्या पडवीत बायका कढईत वडे सोडायच्या. हा मंडळाचा अलिखित नियम. कारण अण्णांच्या सरतेशेवटीपासून खऱ्या शेवटापर्यंत वड्यांचे बरोबर तीन घाणे निघत. कढईवर कायम आमची आई. त्यामुळे झालं असं, की बत्तीस वर्षांत आईने सरतेशेवटीच्या पुढचं एक अक्षर ऐकलेलं नाही. पुढे नुसतं तेल!

बत्तिसाव्या, शेवटच्या वर्षी सुलभामावशी तिला म्हणाली होती, "तुझा नाव घेतल्यानी गो स्टेजवर!" आईला वाटलं, मस्करी करते. अण्णांना विचारायची सोय नव्हती. त्यांनी कप पालथा घातला असता.

अण्णांना जाऊन सहा वर्षं झाली. घरात त्यांचे फोटो ढीगभर. आवाज मात्र कुठेच नाही. ना फोनमध्ये, ना कॅसेटमध्ये. कॅसेट एकच होती, मीच ऑफिसच्या हँडीकॅमवर काढलेली, नेमकी सुलभामावशीच्या मस्करीच्या वर्षाची. आणि तिच्यावर मी पुढच्याच महिन्यात माझ्या मुलीचं शाळेतलं गाजराचं नृत्य चित्रित केलं. त्याआधी मंडळाच्या जुन्या वेबसाइटवर तिची नक्कल चढवली गेली होती, तेवढीच काय ती उरलेली.

एका शनिवारी मंडळाचा सचिव, म्हणजे माझा बालमित्र सुऱ्या, याने ग्रुपवर निरोप टाकला, 'जुनी साइट पुढच्या रविवारी संध्याकाळी बंद होत आहे. कुणाला काही बघायचं असल्यास बघून घ्यावे.' आमच्या मुलुंडच्या घरात आईने तो चष्मा लावून दोनदा वाचला आणि माझ्यापुढे टॅब ठेवला.

"झिला, माका अण्णांचा आभार लावून दी."

"आई, भाषण आहे ते. चोवीस मिनिटांचं."

"आसांदे. फोटो बघून दमलंय मी. फोटो गप रवतत."

मी म्हणालो, "पाच मिनिटांचं काम!"

(माझी बायको मीनल स्वयंपाकघरातून नुसती खोकली. मी एकदा पाच मिनिटांत नळ दुरुस्त केला होता, तेव्हापासून ती अशी खोकते.)

पहिला ब्राउझर टॅबबरोबरच आलेला. त्याने साइट उघडली, मंडळाचं बोधचिन्ह दाखवलं आणि अण्णांच्या जागी एक राखाडी चौकोन. चौकोनात जिगसॉच्या खेळातला एक तुकडा.

"ह्या काय रे? कोडा सोडवूचा हा?"

"नाही आई, फ्लॅश आता बंद पडलंय, याला तो जुना व्हिडिओ कळत नाही. दुसरा ब्राउझर बघू."

मग मी जे सुरू केलं त्याला फक्त स्थळं बघणं म्हणता येईल. वहीच्या पानावर रकाने आखले: नाव, वजन, स्वभाव, जुन्या माणसांशी कसं वागतो. दुसऱ्याने तुकडा दाखवला. तिसऱ्याने तुकडाही दाखवला नाही, वर मला नवीन बातम्या हव्यात का म्हणून विचारलं. चौथ्याच्या जाहिरातीत लिहिलं होतं, 'सर्व प्रकारचे व्हिडिओ!' त्याला मी अण्णांचा पत्ता दिला. तो विचारात पडला, पडूनच राहिला, आणि टॅब एवढा तापला की मीनलने त्यावर पापड भाजून बघू का म्हणून विचारलं.

सुऱ्याला फोन केला. "अरे, तू कशावर बघायचास?"

"मी? मी कशाला बघीन, सुध्या? आभारप्रदर्शन कोण बघतं?"

"मग साइटवर चढवताना?"

"माझ्या भाच्याने न बघताच चढवलं. ए, तूच बोललेलास ना, शंभर वर्षं चालेल?"

फोन कट झाला. म्हणजे मी केला.

कॉम्प्युटर नव्हता का, असं तुम्ही विचाराल. होता. मीनलने भंगारवाल्याला दिला आणि त्या जागी तुळस ठेवली. ऑफिसात साधं क्रिकेट बघितलं तरी वरून फोन येतो. शिवाय मी टॅबसमोर आईला शब्द दिला होता, आणि आमच्यात शब्द ज्या यंत्रासमोर दिला त्याच यंत्रावर पाळतात.

पाचव्या ब्राउझरला मी सोंग घ्यायला लावलं. 'डेस्कटॉप साइट' अशी एक खूण असते, ती केली की टॅब जगाला सांगत सुटतो, मी टॅब नाही, मी मोठा कॉम्प्युटर आहे. साइटने विश्वास ठेवला. अक्षरं मुंगीएवढी केली, बटणं राईएवढी केली, आणि त्या सगळ्याच्या मधोमध राईएवढा जिगसॉचा तुकडा!

गुरुवारी सहावा मिळाला. हा भलताच निघाला. म्हणे व्हिडिओ तुमच्या टॅबवर लागतच नाही, कुठल्या तरी लांबच्या देशातल्या संगणकावर लागतो आणि तिथून त्याचं चित्र इकडे येतं. मी आईला बोलावलं. मीनलही हात पुसत आली. चौकोन काळा झाला, हलला, खरखरला आणि अण्णा उभे!

हातात कागद, कागदामागे चष्मा, चष्म्यामागे अण्णा. ओठ आधी हलायचे, आवाज नंतर यायचा, जणू साहेब आधी भारताबाहेर जाऊन मग मुलुंडला येत होते. पण आवाज त्यांचाच. तो घसा साफ करणं, ते 'सन्माननीय'मधल्या 'न्मा'वर उगाच रेंगाळणं.

आईने हळूच बोट पुढे केलं आणि अण्णांच्या गालाला लावलं.

अण्णा थांबले! तोंड उघडं, डोळे अर्धे मिटलेले.

"अगो बाय! काय झाला त्यांका?"

"आई, बोट लावलं की पॉज होतं!"

"जल्मभर असाच," आई म्हणाली. "हात लावलो की गप."

मीनल तोंडाला पदर नसताना पदर लावून हसली. मी पुन्हा चालू केलं. अण्णांनी मंडपवाल्याचे आभार मानले. मंडपवाल्याच्या बांबूंचे मानले. माईकवाल्यापाशी आले आणि पडद्यावर पाटी आली: 'आजची दहा मिनिटांची मोफत वेळ संपली. उद्या भेटू.'

दुसऱ्या दिवशी परत पहिल्यापासून. मधूनच सुरू करायची सोय नाही. पुन्हा मंडपवाला, पुन्हा बांबू, पुन्हा माईक, उद्या भेटू! अण्णांचं सरतेशेवटी यायचं विसाव्या मिनिटाला. या गतीने आम्ही टेम्पोवाल्यापर्यंतसुद्धा पोचलो नसतो. पैसे भरून वेळ वाढवावा म्हटलं, तर त्या देशाला आमचं कार्ड पसंत नव्हतं.

आई मात्र रोज केस विंचरून बसायची. दहा मिनिटांसाठी.

"आई, तेच तेच काय ऐकतेस?"

"तू नको ऐकू. तुका कोण सांगता?"

शनिवार दुपारपर्यंत सातवा आणि आठवा येऊन गेले. नववा बेडकाच्या चित्राचा. 'जुन्यात जुने व्हिडिओ चालवतो' म्हणून कुणीतरी त्याची शिफारस लिहिली होती. (लिहिणाऱ्याने पुढे 'देव तुमचं भलं करो' असंही लिहिलं होतं. तेव्हाच मला संशय यायला हवा होता.) या बेडकाने आल्या आल्या मोठ्या प्रेमाने माझ्या जुन्या ब्राउझरमधले सगळे शोध स्वतःकडे ओढून घेतले. मग कोपऱ्यात एक बारीकसं चिन्ह दिसलं, टीव्हीसारखं. मी दाबलं. त्याने विचारलं, 'हॉल टीव्ही?' मी म्हटलं, वा! आईला मोठ्या पडद्यावर अण्णा! हो म्हटलं.

आमच्या टीव्हीवर काही येईना. मी आवाज पूर्ण वाढवला. काही नाही. पुन्हा दाबलं. तेवढ्यात बेडकाने पत्त्याच्या चौकटीखाली माझे मागचे शोध ओळीने मांडले आणि वर एक जाहिरात लावली. मी ती मिटवायला गेलो तर ती मोठी झाली.

दारावर धाडधाड. शेजारचे जिग्नेशभाई. अंगात नवा कुर्ता, चेहऱ्यावर घाम.

"सुधीरभाई! बंद करा, प्लीज! तुमचा टॅब आमच्या टीव्हीमध्ये घुसला!"

"तुमच्या?"

"अरे, मागच्या महिन्यात आमचा वायफाय बिघडला तेव्हा तुम्हीच पासवर्ड दिला ना! माझ्या टीव्हीचं पण नाव हॉल टीव्हीच आहे! आणि आत पार्थला बघायला मुलीकडचे बसलेत!"

मी धावलो. त्यांच्या हॉलमध्ये ढोकळ्याच्या बशा हातात धरून सात माणसं भिंतीवरच्या राक्षसी टीव्हीकडे बघत होती. टीव्हीवर एक उधळलेला घोडा आणि खाली अक्षरं, 'पन्नाशीनंतरही तोच जोम!' आवाज पूर्ण. घोडा खिंकाळत होता. वरच्या कोपऱ्यात, कुणाला शंका राहू नये म्हणून, 'सुधीरचा टॅब'. आणि बाजूला माझे मागचे शोध: 'पोट आत ओढून फोटो कसा काढावा', 'बायकोला न दुखावता तिच्या आमटीबद्दल कसं सांगावं'.

"नमस्कार," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार!

मुलीच्या आजीने विचारलं, "आ कोण?"

"पाडोशी," जिग्नेशभाई म्हणाले, आणि त्यांनी तो शब्द असा उच्चारला की त्यात घर विकायचा विचार ऐकू आला.

(लग्न ठरलं. मुलीचे वडील जाताना मला लिफ्टपाशी बाजूला घेऊन त्या औषधाचं नाव विचारत होते.)

घरी आलो तर दारात मीनल. "आमटीबद्दल काय सांगायचं होतं?"

"मीनल, आत्ता नको ना, यार."

"नाही, सांग ना. न दुखावता सांग."

या सगळ्यात आई आपल्या खुर्चीत, केस विंचरलेले, मांडीवर हात. "उद्या सांजेक बंद होताला ना रे ता?" एवढंच म्हणाली. रागावली असती तर बरं झालं असतं. टॅबवर नऊ ब्राउझर रांगेत बसलेले, आणि माझ्या म्हातारीला तिच्या नवऱ्याचं एक वाक्य मिळत नव्हतं.

तेवढ्यात सईचा व्हिडिओ कॉल आला. सई म्हणजे आमची मुलगी, तेच पूर्वीचं गाजर, आता बंगळुरूला नोकरीला. मी तिला आठ दिवसांचा इतिहास रकान्यांसकट सांगितला. तिने शांतपणे ऐकून घेतला.

"बाबा, तुला ब्राउझर हवाय की आजोबा हवेत?"

"म्हणजे?"

"म्हणजे ब्राउझरमध्ये कशाला लावतोस? पानाच्या आतमध्ये व्हिडिओची फाइल असते. ती फाइल उतरवायची आणि साध्या प्लेअरमध्ये लावायची. तुझ्या टॅबमध्ये प्लेअर आहे. मीच टाकलेला, दिवाळीत."

"मग आधी का नाही सांगितलंस?"

"तू विचारलंस कधी? तू तर ग्रुपवर लिहिलंस, 'तांत्रिक बाजू मी सांभाळतोय, कुणी मध्ये पडू नये.'"

चार मिनिटांत फाइल आली. मी म्हटलेल्या पाचपेक्षाही एक मिनिट आधी.

रविवारी सकाळी आई आंघोळ करून, नवी साडी नेसून बसली. मी टॅब डब्याला टेकवून ठेवला. "बोट लावू नकोस हां." ती हात मांडीखाली घालून बसली, शाळकरी मुलीसारखी. मंडपवाला झाला, बांबू झाले, माईक, टेम्पो, वॉचमन, पिण्याचं पाणी देणारी शाळा, शाळेची घंटा वाजवणारे शिपाई. मागे खुर्च्या सरकवल्याचे आवाज. आणि विसाव्या मिनिटाला अण्णांनी कागद खाली ठेवला, चष्मा काढला.

"आणि सरतेशेवटी..."

आई पुढे झुकली. मीनलने पंखा बंद केला.

आणि पडद्यावर अण्णा एकदम आडवे झाले! हॉल आडवा, छप्पर बाजूला, खुर्च्या भिंतीवर. माझा, वीस वर्षांपूर्वीचा, दणदणीत आवाज आला, "चला रे, वडे सुटले!"

कॅमेरा बंद करायचं मी विसरलो होतो. तो खांद्याला अडकवून मी पळालो होतो, सरळ पडवीत. आधी माझी चप्पल दिसली, मग जमीन, मग कढई, आणि कढईपुढे आई. तिच्या कपाळावर घाम, हातात झारा, केसांत अबोली. लांबून लाउडस्पीकरवर अण्णांचा आवाज येत होता. बोलत होते, नक्की काहीतरी बोलत होते, सावकाश, रेंगाळून. पण तेलाचा चर्र आवाज, आणि त्याच्या अगदी जवळ, माईकला तोंड लावून, कुर्रम, कुर्रम, मचाक! मी वडा खात होतो.

पडद्यावर सुलभामावशीने आईला कोपराने ढोसलं. "गो शालिनी, ऐकलंस? तुझा नाव घेतल्यानी!"

पडद्यावरची आई वळली. स्टेजच्या दिशेने, झारा तसाच हवेत. एक क्षणभर. मग पुन्हा कढईकडे. "गप रव गो, वडे करपतत."

हॉलमधून टाळ्या, अगदी थोड्या, आठ-दहा माणसांच्या. आणि पडदा काळा.

मी मान खाली घालून बसलो. शेवटी म्हणालो, "आई, चुकलं गं."

आईने डोळे पुसले. "म्हणजे मस्करी नव्हती," ती म्हणाली. "परत लाव."

साइट त्या संध्याकाळी बंद झाली. पण फाइल आमच्याकडे आहे आणि आई रोज चार वाजता चहाबरोबर ती लावते. आता तिला बोट लावून मागे-पुढे करता येतं, आमच्यापेक्षा चांगलं. सरतेशेवटी आलं की ती हात वर करते, घर चिडीचूप होतं, आणि मग ती टॅबला कान लावून माझं चावणं ऐकते. त्या चावण्याच्या मागे अण्णा आहेत. दर चार-सहा दिवसांनी तिला त्यांचा एखादा शब्द सापडतो. मग ती तो मीनलला सांगते आणि मीनल कॅलेंडरवर लिहून ठेवते. आतापर्यंत चार शब्द हाती लागलेत, "हिच्या हाताला बत्तीस वर्षं."

पुढचा शब्द मिळत नाही. मीनल म्हणते 'चव' असणार. आई म्हणते, चटके म्हणाले असतील, ते सगळं बघायचे. सई म्हणते, आवाज साफ करायचं काहीतरी यंत्र असतं, ती विचारून बघतेय. मी त्या चर्चेत भाग घेत नाही. त्या शब्दाच्या वेळी मी दुसरा वडा घेतला होता.